तुंबलेल्या हप्त्याला वाट हवी

सोलापुरात घरात पैसा येण्याच्या वेळा बँकेच्या कॅलेंडरात बसत नाहीत. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, आणि कारखान्याने पाने-तंबाखू किती दिवस दिली यावर तिचा आठवडा अवलंबून असतो. यंत्रमागावरच्या कामगाराची कमाई टॉवेल-चादरीच्या मागणीबरोबर वरखाली होते. पंढरपुरात बुक्का, तुळशीमाळा आणि प्रसाद विकणाऱ्याचे वर्ष आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांवर उभे असते. उसाचे पैसे गाळपानंतर येतात, डाळिंबाचे पैसे तेल्या रोगातून बाग वाचली तर येतात. खर्चाचेही तसेच. जूनमध्ये शाळा, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मध्येच एखादे आजारपण. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो, आणि महिना कसा गेला हे तो विचारत नाही. कमाईची लय एक आणि फेडीची लय दुसरी, या विसंगतीतून सोलापूरच्या घराघरांतली थकबाकी जन्माला येते. ती माणसाच्या खोटेपणातून येते असे धरून चालणे हा आपल्या वसुलीच्या पद्धतीतला पहिला दोष आहे.

कर्ज घ्यावे की नाही, कर्जमाफी असावी की नसावी, हे प्रश्न या लेखाचे नाहीत. त्यांवर महाराष्ट्रात भरपूर बोलले जाते. या दोन टोकांच्या मधल्या एका दिवसाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. कर्ज एकदा थकले, मग देणेकरी आणि घेणेकरी समोरासमोर बसले, रक्कम ठरली, फेडीचे हप्ते बांधले गेले. चार-सहा हप्ते वेळेवर गेले आणि मग एक तुंबला, तो हा दिवस. कर्ज घेताना माणसाजवळ आशा असते, तडजोड करताना निदान सुटकेचा भाव असतो. तडजोडीतला हप्ता चुकतो तेव्हा त्याच्याजवळ केवळ लाज उरते. तो फोन उचलणे सोडतो, तोंड चुकवतो, आणि तुंबलेला हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून अधिक महाग पैसे उचलतो. फेडीच्या तडजोडीत हप्ता कधी ना कधी तुंबणार हे गृहीत धरूनच ती लिहिली पाहिजे, आणि तुंबलेल्या हप्त्याचे काय करायचे याची वाट तिच्यातच आखलेली असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जिच्यात अशी वाट नाही, ती तडजोड म्हणजे पुढे ढकललेली जप्ती होय.

जुना कायदा, जुना धडा

ही कल्पना सोलापूरला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, आणि तो उठाव पुणे-नगरच्या गावांत पसरला. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा आणि अहमदनगरबरोबर सोलापूर होते. या कायद्याने न्यायाधीशाला कागदावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्यापुढे जाणे आवश्यक केले. शेतकऱ्याला पैसे दिल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी त्याला कैदेत टाकणे बंद केले. आणि आपल्या विषयाला थेट भिडणारी तरतूद म्हणजे, हुकूमनामा झाल्यानंतरही न्यायालयाला कधीही ती रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा देता येईल, असे त्यात लिहिले. ‘कधीही’ या शब्दात मोठे शहाणपण आहे. माणसाची परिस्थिती निकालाच्या दिवशी गोठून राहत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली आधी साहाय्यक आणि मग विशेष न्यायाधीश म्हणून अनेक वर्षे खालच्या न्यायालयांचे कामकाज तपासले. महाराष्ट्राच्या अर्थकारणाचा विचार करणाऱ्या या पहिल्या पिढीच्या माणसाने कर्जाचा प्रश्न पुस्तकांइतकाच दाव्यांच्या कागदांत पाहिला होता.

तो कायदा यशाची कहाणी होती असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. सावकारांनी त्यातून पळवाट काढली. गहाणखत लिहिले तर न्यायालय हिशेब उकरणार, हप्ते पाडणार. म्हणून ते कर्ज देताना सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवू लागले. कागदावर विक्री, मनात गहाण. अखेर १९०७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा खताच्या मागचा खरा व्यवहार तोंडी पुराव्याने शाबीत करण्याची मुभा द्यावी लागली. शहराची अडचण वेगळी होती. संरक्षण शेतकऱ्यांसाठी होते. सोलापूरच्या गिरण्यांत आणि हातमागांवर राबणारा कामगार त्याच्या कक्षेत सहज येत नव्हता. त्याला थोडा आधार मिळाला तो १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालानंतर, दिवाणी प्रक्रिया संहितेत झालेल्या दुरुस्त्यांतून. या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. सवलत एखाद्या वर्गाला दिली की धनको त्या वर्गाशी व्यवहार करण्याची रीतच बदलतो. म्हणून थकबाकीची वाट प्रत्येक कर्जाच्या रीतीतच घातली पाहिजे. आणि तिची नोंद कागदावर हवी, कारण तोंडी वचन नेहमी दुबळ्याच्या विरुद्ध जाते.

आजच्या तडजोडीत काय लिहिलेले असते

आज सोलापुरात वैयक्तिक कर्जाची तडजोड साधारण तीन ठिकाणी होते. एक, घेणेकऱ्याच्या कार्यालयात, म्हणजे बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या टेबलावर. दोन, लोकन्यायालयात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. तीन, पतसंस्थेची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यापर्यंत गेल्यावर, वसुली अधिकारी दारात उभा असताना. ‘एकशे एकची कारवाई’ हे शब्द इथल्या कर्जदाराला आणि त्याहून अधिक त्याच्या जामीनदाराला चांगले ठाऊक असतात. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून बहुतेकांची लढाई तिथेच संपते. या तिन्ही ठिकाणी होणाऱ्या तडजोडपत्रांत एक वाक्य सर्रास असते: एकही हप्ता थकल्यास उर्वरित सर्व रक्कम एकदम देय होईल. थकबाकीबद्दल पुष्कळ तडजोडींत तेवढेच काय ते लिहिलेले असते.

हे वाक्य बेकायदा नाही, आणि तसे म्हणून कर्जदाराची फसवणूक करू नये. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ खाली दिलेली दोन उदाहरणे या बाबतीत फार बोलकी आहेत. हजार रुपयांचे कर्ज पाच समान हप्त्यांत फेडायचे ठरले आणि एक हप्ता चुकल्यास सगळी रक्कम देय होईल अशी अट घातली, तर ती अट दंडाची नाही, असे पहिले उदाहरण सांगते. लगेच पुढचे उदाहरण असे की, शंभर रुपये दिले, पण दोनशेंचे खत चाळीस-चाळीसच्या पाच वार्षिक हप्त्यांनी लिहून घेतले आणि एक हप्ता चुकल्यास सगळे दोनशे एकदम मागण्याची अट घातली, तर ती अट दंडाची आहे, आणि न्यायालय वाजवी भरपाईपलीकडे ती चालवणार नाही. म्हणजे खऱ्या देण्याची मुदत संपवता येते. चुकलेल्या हप्त्याचे निमित्त करून देणे फुगवता येत नाही. थकबाकीचा तगादा आलेल्या माणसाने प्रथम हेच विचारावे की मागितलेल्या आकड्यात मूळ देणे किती आणि वर चढवलेले किती.

पण कायदेशीर असणे आणि शहाणपणाचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा साठ हजारांवर तडजोड झाली आणि अडीच हजारांचे २४ हप्ते ठरले. दोन हप्ते तुंबले, थकबाकी झाली पाच हजार. घेणेकरी म्हणाला, तिसऱ्या महिन्यात तुंबलेले सगळे भरा. म्हणजे ज्याला अडीच हजार जमले नाहीत त्याने साडेसात हजार आणायचे. तो ते आणतोही, पण त्यातले पाच हजार गल्लीतल्या बिनपरवाना सावकाराकडून, महिन्याला शेकडा दहाने. पाच हजारांवर महिना पाचशे व्याज. दहा महिन्यांत पाच हजार व्याजापोटी गेले आणि पाच हजार मुद्दल तसेच डोक्यावर उभे. आता तीच थकबाकी पुढच्या दहा हप्त्यांवर पाचशे-पाचशेने वाटली असती तर? हप्ता तीन हजारांचा झाला असता आणि दहा महिन्यांत थकबाकी मिटली असती. दोन्हीकडे घरातून जादा गेले ते महिन्याला पाचशेच. एकीकडे देणे संपले, दुसरीकडे नवे देणे कायम झाले. आणि ज्या मूळ घेणेकऱ्याने सगळे एकदम मागितले त्याचा पुढचा हप्ता आता अधिक धोक्यात आहे, कारण त्याच्या कर्जदाराच्या दारात त्याच्याहून कठोर घेणेकरी उभा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. त्या दराने पाच हजारांचे महिन्याचे व्याज ७५ रुपये होते. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये ही जुन्या दामदुप्पटीची मर्यादाही त्या कायद्यात आहे. पण तुंबलेल्या हप्त्याची वेळ सांभाळणारा माणूस परवाना तपासत बसत नाही. उद्या सकाळी पैसे कोण देईल एवढेच तो पाहतो. बेकायदा सावकारी रोखायची असेल तर तिचे गिऱ्हाईक जिथे तयार होते त्या जागेकडे, म्हणजे थकलेल्या हप्त्याकडे, पाहावे लागेल.

अर्धा हप्ता कुठे जमा होतो

थकबाकीच्या काळात कर्जदार बहुधा काहीच भरत नाही असे नाही. तो जमेल तेवढे भरतो. ते पैसे कुठे जमा होतात, हा प्रश्न त्याने विचारलेला नसतो. करार कायद्याची ५९ ते ६१ ही तीन कलमे याच प्रश्नाची आहेत. अनेक देण्यांपैकी कोणत्या देण्यापोटी पैसे देतो आहोत हे देणाऱ्याने सांगितले, तर घेणाऱ्याने ते पैसे स्वीकारताना तसेच जमा केले पाहिजेत. त्याने सांगितले नाही तर घेणारा आपल्या मर्जीने जमा करू शकतो. दोघांनीही ठरवले नाही तर जुने देणे आधी. ज्याच्या डोक्यावर एकाच संस्थेची दोन-तीन देणी आहेत त्याने भरण्याच्या चिठ्ठीवर खाते आणि महिना लिहिणे एवढ्याने पुढचा मोठा वाद टळतो. एकाच कर्जातली दंड, व्याज आणि मुद्दल यांची क्रमवारी मात्र करारावर ठरते, म्हणून ती तडजोडीतच लिहून घ्यावी. दंड आधी, मग व्याज आणि शेवटी मुद्दल अशी रीत असेल तर अर्धा हप्ता भरणाऱ्याचे देणे जागचे हलत नाही, आणि भरून काय उपयोग असे त्याला वाटू लागते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँका आणि वित्त कंपन्यांना दंडव्याज लावण्यास मनाई केली. दंड आकारायचा तर तो वाजवी शुल्क म्हणून आकारावा, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवू नये, असा तो नियम आहे. सूक्ष्म कर्जांबाबत २०२२ च्या निर्देशांत आणखी स्पष्ट म्हटले आहे: दंड थकलेल्या रकमेवर, संपूर्ण कर्जावर नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

एक गोष्ट मात्र कर्जदाराच्या विरुद्ध जाते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या वहीत खाते अनुत्पादक ठरते. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने असे स्पष्ट केले की अशा खात्याला पुन्हा नियमित म्हणायचे तर व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली गेली पाहिजे. थोडी भरून भागत नाही. त्यामुळे ९० दिवसांनंतर थकबाकी वाटून घेण्यात बँकेला ताळेबंदापुरते फारसे आकर्षण राहत नाही. यातून निघणारा व्यवहारातला धडा सरळ आहे: बोलायचे ते पहिल्या महिन्यात. नेमक्या याच काळात कर्जदार लाजेने गप्प असतो आणि बँक स्वयंचलित संदेश पाठवत असते. दोन्ही बाजूंना सर्वात अधिक मोकळीक असते तेच हे तीन महिने, आणि ते दोन्ही बाजू वाया घालवतात.

जामीनदाराची गोष्ट याहून नाजूक आहे. पतसंस्थेचे कर्ज सोलापुरात भावकी, शेजार आणि कारखान्यातली ओळख यांच्या जामिनावर उभे असते. करार कायद्याचे कलम १३५ म्हणते की जामीनदाराच्या संमतीशिवाय धनकोने मूळ कर्जदाराशी तडजोड केली किंवा मुदत वाढवून देण्याचा करार केला, तर जामीनदार मोकळा होतो. पतसंस्थेचा व्यवस्थापक ‘मुदत देता येत नाही’ म्हणतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा ही भीती असते. त्याला निर्दय म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पण तिचे उत्तर अवघड नाही. जामीनदाराला पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवा, मुदतवाढीच्या कागदावर त्याची सही घ्या. त्यालाही ते हवे असते, कारण सगळी रक्कम एकदम देय झाली तर पहिली नोटीस त्याच्याही घरी येते.

ज्याचे येणे थकते त्याचे देणे थकते

थकबाकीकडे पाहताना आपण साखळीचे शेवटचे टोक तेवढे पाहतो. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज मिळाले पाहिजे. ही मुदत पाळली जावी म्हणून शेतकरी संघटनांना हंगामामागून हंगाम आंदोलने करावी लागली आहेत. ज्याचे उसाचे बिल अडकले त्याचा सोसायटीचा हप्ता अडकतो, त्याच्याकडे मजुरी करणाऱ्याचे पैसे अडकतात, आणि त्या मजुराच्या बायकोचा गटाचा हप्ता अडकतो. या साखळीत नोटीस सर्वात लवकर पोहोचते ती सर्वात शेवटच्या बाईकडे. तिच्या गटातल्या बायकांनी तिचा हप्ता भरायचा अशी रीत असल्यामुळे शेजारपणच वसुलीचे हत्यार होते. थकबाकी ही एका माणसाच्या चारित्र्याची कसोटी आहे ही समजूत इथे टिकत नाही. ती पैशाच्या प्रवाहातला अडथळा आहे, आणि तो कुठे आहे हे पाहिल्याशिवाय वसुली करणे म्हणजे खालच्या शेतकऱ्याला पाणी का येत नाही म्हणून दरडावणे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हप्ता चुकवण्याला वाट करून दिली तर सगळेच हप्ते चुकवतील. हा आक्षेप हलका नाही. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफी योजनांत नियमित फेडणाऱ्यांसाठी वेगळे प्रोत्साहन ठेवावे लागले, ते प्रामाणिक माणसाच्या मनातली हीच तक्रार ओळखून. पण मी इथे माफी मागत नाही. वेळ मागतो आहे. मुद्दल तेच, ठरलेले व्याज तेच, फक्त वाट आखलेली. शिवाय ‘भरू शकत नाही’ आणि ‘भरत नाही’ यांतला फरक आपला कायदा फार पूर्वीपासून करतो. दिवाणी कैदेसाठी नुसती थकबाकी पुरेशी नाही, ऐपत असून टाळाटाळ केल्याचे किंवा मालमत्ता लपवल्याचे दिसले पाहिजे, ही अट १९३६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या निकालाने तिला घटनेच्या २१ व्या कलमाचा आधार दिला. त्याच संहितेचे कलम ६० मजुराची मजुरी, कारागिराची अवजारे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळते. हात चालू राहिले तरच फेड चालू राहील, एवढा साधा विचार त्यामागे आहे. म्हणून वाट द्यायची ती कागद पाहून: मजुरीची वही, दवाखान्याचे बिल, कारखान्याच्या थकलेल्या बिलाची पावती. जो कागद दाखवत नाही त्याला ही वाट मिळू नये.

दुसरा आक्षेप ठेवीदाराचा आहे, आणि तो मला पहिल्याहून वजनदार वाटतो. पतसंस्थेचा पैसा कोणाचा? निवृत्त शिक्षकाचा, गिरणी कामगाराच्या विधवेचा. कर्जदाराला दिलेली प्रत्येक मुदत त्यांच्या ठेवीवर बसते. हे खरे आहे. पण ठेवीदाराचे हित नोटिशांच्या संख्येत मोजायचे की आलेल्या पैशांत? जप्ती, लिलाव आणि वर्षानुवर्षे चालणारी दरखास्त यांतून शेवटी हाती पडते ते आणि दहा महिने पाचशे रुपये जादा घेऊन मिटणारी थकबाकी, यांचा ताळा संस्थेने स्वतःच्या वहीवर करून पाहावा. मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जदाराची लेखी कबुली किंवा त्याच्या सहीने नोंदवलेला अर्धा हप्ता, चालू मुदतीच्या आत असला, तर दाव्याची मुदत तिथून नव्याने मोजली जाते. म्हणजे थोडे पैसे आणि एक सही घेतल्याने संस्थेचा हक्क बळकट होतो.

हे व्यवहारात जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावे. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते स्थगित करण्याची मुभा दिली आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. देशाची बँकव्यवस्था कोसळली नाही. वाद झाला तो स्थगितीच्या काळातल्या व्याजावर व्याज लावण्याचा, आणि २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लावू नये असे सांगितले. त्यातून उलट एक उपयुक्त धडा मिळाला: थांबायचे असेल तर थांबण्याच्या काळात व्याजाचे काय, हे आधी लिहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या मे महिन्यापासून अडचणीतल्या कर्जदाराला सल्लागाराच्या मार्फत ६० दिवसांची उसंत मिळते. त्या काळात बहुतेक व्याज, शुल्क आणि कारवाई थांबते, आणि तेवढ्यात फेडीचा नवा आराखडा करायचा असतो. आपल्याकडेही २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी फेडीच्या आराखड्याची प्रकरणे आहेत. वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्यांना नव्याने सुरुवात करू देणारी तरतूदही आहे. पण कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार सोडले तर ही प्रकरणे सामान्य माणसाला लागूच केलेली नाहीत. त्यामुळे सोलापूरच्या कर्जबाजारी माणसासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्या जुन्या कायद्यातसुद्धा मंजूर झालेल्या तडजोडीतला हप्ता थकला तर न्यायालय ‘योग्य वाटल्यास’ माणसाला पुन्हा नादार ठरवू शकते असे म्हटले आहे. हप्ता चुकला की आपोआप सगळे मोडते असे शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांनीही मानले नाही. मध्ये विचार करणारा माणूस ठेवला. आज तो जाऊन तिथे संगणकाचा संदेश आला आहे.

तडजोडीत लिहायच्या गोष्टी

करायचे काय, हे आता सांगता येते, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक तडजोडपत्रात काही वाक्ये असावीत. हप्ता चुकण्याआधी किंवा चुकल्यापासून पंधरा दिवसांत कर्जदाराने कारणासह लेखी कळवले, तर पूर्ण रक्कम लगेच देय होणार नाही. दोन हप्त्यांपर्यंतची थकबाकी पुढच्या हप्त्यांवर वाटली जाईल किंवा शेवटी जोडली जाईल, आणि कोणते ते त्याच कागदावर ठरेल. तुंबलेल्या काळात निम्मा हप्ता स्वीकारला जाईल, त्याची पावती मिळेल, आणि तो आधी मुद्दल-व्याजात जमा होईल. ज्याची कमाई हंगामी आहे त्याचे हप्ते हंगामाला बांधले जातील: पंढरपूरच्या दुकानदाराचे मोठे हप्ते वाऱ्यांनंतर, ऊसवाल्याचे बिलानंतर. जामीनदाराची संमती सुरुवातीलाच घेतली जाईल. आणि एवढे करूनही न कळवता तीन हप्ते गेले तर घेणेकऱ्याला पूर्ण वसुलीचा हक्क राहील. या वाक्यांत घेणेकऱ्याचा एक रुपयाही कमी होत नाही. लोकन्यायालयाच्या पॅनेलने तडजोड नोंदवताना ही वाक्ये विचारून घेतली आणि जिल्हा उपनिबंधकांनी पतसंस्थांना असा नमुना दिला, तरी जिल्ह्यात मोठा फरक पडेल. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हजारो विडी कामगार स्त्रियांच्या या शहरात तो हक्क तडजोडीच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. नोटीस आल्यावर फार उशीर झालेला असतो.

कर्जदाराचेही कर्तव्य आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा युक्तिवाद लंगडा राहील. फोन बंद ठेवणे ही सर्वात महाग चूक आहे. चार ओळींचे पत्र, त्यावर संस्थेचा पोहोच शिक्का, आणि जमेल तेवढा भरणा एवढे केले तर न्यायालयापुढे तो वेगळा माणूस असतो. एक देणे भागवायला दुसरे महाग देणे उचलायचे नाही, हा निश्चय घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा, कारण तुंबलेला हप्ता लपवण्याची सुरुवात बहुधा घरातच होते. सगळ्या देण्यांची एक यादी वहीत लिहावी: कोणाचे किती, व्याज किती, जामीन कोणाचा. जे देणे घराचे छप्पर, अवजार आणि जामीनदार धोक्यात आणते ते आधी.

१८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पासबुक मागण्याचा हक्क दिला, तेव्हा स्वतःच्या कर्जाचा हिशेब हाती घेण्याची वाट त्याला मिळाली. किती दिले, किती उरले, हे त्याला दुसऱ्याच्या वहीतून ऐकावे लागणार नव्हते. आजच्या कर्जदाराजवळ पासबुक आहे, मोबाइलमध्ये खातेही आहे. त्याच्याजवळ नाही ते त्या पासबुकातले एक पान, ज्यावर हप्ता तुंबला तर काय, हे घेणेकऱ्याच्या आणि त्याच्या सहीने लिहिलेले असेल. मजुरी चुकलेल्या आठवड्यात विडी कामगार बाईने ते पान घेऊन गल्लीतल्या सावकाराकडे न जाता पतसंस्थेकडे जावे, आणि तिथल्या माणसाने ते वाचून निम्म्या हप्त्याची पावती फाडावी. सोलापूरने दीडशे वर्षांत कर्जाबद्दल जे सोसले आणि शिकले, त्याचे एवढे फळ मागणे फार नाही.